जुन्या एमजीबीचं इंजिन घरीच काढायचंय: एकटं काढू की गिअरबॉक्ससकट?

तांबडी_जीटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी इंग्लंडमध्ये डिडकॉटला राहते. माझ्याकडे १९७२ सालची एमजीबी जीटी आहे, तांबडी, ओव्हरड्राइव्हवाली (गिअरबॉक्सच्या मागे जोडलेला जादा वेगाचा गिअर). ही गाडी जिथे बनली तो ॲबिंग्डनचा कारखाना माझ्या घरापासून जेमतेम वीस मिनिटांवर होता. १९८० साली तो बंद पडला. गाडी अकरा वर्षं माझ्याकडे आहे आणि तिला काही झालं की मला चैन पडत नाही, म्हणून हा प्रपंच.

दुखणं असं आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी पुढे सरकायला मागत नाही. म्हणजे क्लच घसरतोय. शिवाय बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं कवच) तळाशी एक भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते, तिथून तेल ठिबकतंय. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवला तर सकाळी तळहाताएवढा डाग. चार वर्षांपूर्वी एका वर्कशॉपमध्ये क्लच आणि मागचं ऑइल सील दोन्ही बदलून घेतलं होतं, चांगले पैसे मोजून. आता पुन्हा तेच.

या गाडीत क्लच बदलायचा तर इंजिन बाहेर काढण्यावाचून इलाज नाही. या वेळी मी ते घरीच करायचं ठरवलंय. ब्रेक, कार्ब्युरेटर, सस्पेन्शन ही कामं मी आजवर स्वतः केली आहेत, इंजिन मात्र कधी उतरवलेलं नाही. क्रेन भाड्याने मिळते. गॅरेज एका गाडीचं, लांबी साधारण १६ फूट.

प्रश्न एकच: इंजिन एकटं काढू की गिअरबॉक्ससकट? इथल्या लोकांनी दोन्ही बाजूंनी इतकं छातीठोकपणे सांगितलंय की माझा गोंधळ वाढलाच.

कट्ट्यावरचा

दादा, धाडसाला सलाम. फोटू टाका!

तांबडी_जीटी

दादा नाही, ताई. फोटो टाकते रविवारी.

कट्ट्यावरचा

माफ करा ताई. मग तर डबल सलाम.

ओव्हरड्राइव्ह

मी लीड्सला असतो, माझ्याकडे १९६९ची उघडी एमजीबी आहे. दोनदा इंजिन काढलंय. पहिल्यांदा एकटं, दुसऱ्यांदा गिअरबॉक्ससकट. माझं स्पष्ट मत: सकट काढा.

कारण सांगतो. काढताना एकटं इंजिन सोपं वाटतं. बेलहाउसिंगचे बोल्ट सोडले, पुढे ओढलं, वर उचललं, झालं. खरी परीक्षा बसवताना असते. दीडशे किलोच्या वरचं धूड साखळीला लोंबकळतंय आणि तुम्हाला गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून बरोब्बर आत घालायचाय, तोही डोळ्यांना न दिसता. मी त्या रविवारी चार तास घालवले. गिअरबॉक्ससकट काढलं तर ती जोडणी खाली जमिनीवर, उजेडात, बसून होते.

पावशेर_पेट्रोल

एमजीबीचं मला कळत नाही, पण हेवा करायला आलो. माझ्याकडे पुण्यात स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासची. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटं पडतं, इंजिनाच्या शेजारी चाकावर बसून काम करता येतं. ट्रायम्फ स्पिटफायरची चॅसिस हेराल्डवरूनच घेतलेली, त्यामुळे तिकडेही तेच सुख. तुमच्या एमजीबीला तीन बाजूंनी पत्रा आहे हे विसरू नका. आणि बॉनेट काढायच्या आधी बिजागरीभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. नाहीतर नंतर फटी जुळवताना दिवस जातो.

जुना_फिटर

ताई, कोल्हापूरहून लिहितोय. उद्यमनगरात चाळीस वर्षं हात काळे केलेत, त्यातली वीस-बावीस अँबॅसडरवर. एमजीबी मी आयुष्यात एकदाच जवळून बघितली. पण तुमचं इंजिन मला परकं नाही. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच खानदानातली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी सीरीज. तुमच्या गाडीची थोरली बहीण एमजीए १९५५ साली आली, तिच्यात तर हेच १४८९ सीसीचं होतं. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, अजून झोपेत विचारली तरी सांगीन.

आता मुद्द्याचं. इंजिन कसं काढायचं ते सगळे सांगतीलच. मला आधी एक विचारायचंय. चार वर्षांत सील गेलं कशानं? रबराचं सील एवढ्यात जात नाही. तुम्ही ब्रीदर बघितला का? इंजिनात कोंडलेली हवा बाहेर पडायची वाट ती.

आमच्या अँबॅसडरला मागं रबरी सील नसायचंच. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, शेपटीवर आटे कापलेले असायचे, ते फिरता फिरता तेल परत आत ढकलायचे. ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये दाब साठायचा आणि तेल आट्यांना न जुमानता मागनं बाहेर. गिऱ्हाईक म्हणायचं इंजिन बांधा, आम्ही ब्रीदर धुऊन द्यायचो. तुमच्या पाच बेअरिंगच्या इंजिनाला सील आहे, पण दाबापुढं सीलचं तरी काय चालणार? कार्ब्युरेटरच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली टॅपेटची दोन झाकणं असतात. वरचं कव्हर नव्हे, बाजूची. पुढच्या झाकणाला नळी असते आणि आत तारेची जाळी. ती काढून उजेडाकडं धरा.

नवखा_मेकॅनिक

काका, एक शंका. मागून ठिबकणारं तेल गिअरबॉक्सचंही असू शकतं ना? वास घेऊन ओळखता येतं असं आम्हाला कॉलेजात सांगितलंय, गिअर ऑइलचा वास उग्र असतो.

ओव्हरड्राइव्ह

@नवखा_मेकॅनिक, बाकी गाड्यांत बरोबर. पण या एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० घालतात, ओव्हरड्राइव्हही त्याच तेलावर चालतो. वासाने काहीच कळणार नाही. रंग बघायचा. इंजिनाचं तेल काळं होतं, गिअरबॉक्सचं बराच काळ मधासारखं राहतं. आणि दोन्हींच्या दांडीवर पातळी बघायची, कुठली उतरतेय ते.

काकांचा ब्रीदरचा मुद्दा पटला. मी एवढ्या मुळाशी गेलो नव्हतो.

तांबडी_जीटी

पुठ्ठ्यावरचं तेल काळं कुळकुळीत आहे आणि इंजिनाची पातळी उतरतेय. म्हणजे इंजिनाचंच.

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी तशीच उठून गॅरेजमध्ये गेले. इंजिन चालू करून तेल भरायचं झाकण काढलं आणि तोंडावर हात धरला, तर आतून फुंकर मारल्यासारखी हवा लागत होती. आणि माझ्या बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आमच्याकडे साताऱ्याला अँबॅसडर होती. मी सात-आठ वर्षांची असताना बाबा खालून "चार सूत दे" म्हणाले की मी पाना द्यायचे.

जुना_फिटर

आत ओढायचं सोडून बाहेर फुंकतंय म्हणजे ब्रीदर तुंबलेला किंवा पिस्टनच्या रिंगा दमलेल्या. आधी पहिलं बघा, ते फुकट आहे. बाबांना माझाही नमस्कार.

पावशेर_पेट्रोल

चार सूत! कित्येक वर्षांनी ऐकलं. नव्या मंडळींसाठी: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सूत म्हणजे अर्धा इंच, साडेचार सूत म्हणजे नऊ-सोळांश. एमजीबी, हेराल्ड, अँबॅसडर यांचं बहुतेक काम या दोन पान्यांवर होतं. ताईंकडे असतीलच, तरी सांगतो: अर्ध्या इंचाच्या बोल्टला १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जरा ढिला असतो. गंजलेल्या बोल्टवर जोर लावला की कोपरे गेलेच.

सॅनहोजेकर

माझा अनुभव पार उलट्या दिशेचा आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे १९८४ची पोर्शे ९११ आहे, ३.२ लिटरची. तिचं इंजिन मागे असतं आणि वर उचलत नाहीत, खाली सोडतात. खरं तर इंजिन जॅकवर ठेवून गाडीच वर उचलायची. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पाव टनाच्या वर. मी मोटरसायकल उचलायचा जॅक वापरला. मागचा भाग इतका उंच करावा लागतो की खालून अख्खं इंजिन सरकून बाहेर यावं. ती उंची बघून बायको म्हणाली, तू आज खाली जाणार नाहीस. बरोबरच होतं तिचं. मी लाकडी ओंडक्यांच्या दोन चौकटी रचल्या, मगच पुढे गेलो.

आमच्या ९११च्या जगात सकट की एकटं हा वादच नाही, दोन्ही एकत्रच उतरवतात आणि नंतर सोडवतात. म्हणून माझं मत ओव्हरड्राइव्ह यांच्या बाजूला.

अंजिरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. गाड्यांतलं कळत नाही, पण गाड्यांखालून निघालेल्या कमरा रोज बघते. पुरुषमंडळी इंजिन क्रेनने उचलतात आणि मग "एवढंच काय" म्हणून बॅटरी, सिलिंडर हेड किंवा गिअरबॉक्स वाकून हाताने उचलतात. कंबर तिथे जाते. जमिनीवरचं काहीही उचलू नका, आधी टेबलाच्या उंचीवर आणा. आणि वेळ ठरवून काम करा. थकल्यावरच्या शेवटच्या अर्ध्या तासातच बोटं सापडतात.

हा पैशांचा प्रश्न नसेल तर दुसऱ्या चांगल्या वर्कशॉपला देणं वाईट आहे का? मनापासून विचारतेय.

तांबडी_जीटी

@अंजिरी, वाईट मुळीच नाही. पैसेही माझ्याकडे आहेत. पण गेल्या वेळी मी पैसे दिले, सील बदललं असं बिलावर लिहून आलं, आणि ते का गेलं हे मला कुणी सांगितलं नाही. कुणी बघितलंही नसावं. मला ते बघायचंय. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत, मे महिन्यात दोन महिन्यांसाठी इथे येणार आहेत. त्यांना खुर्ची टाकून बसवायचंय आणि पाने मी चालवायचे, असं डोक्यात आहे.

कमरेचं लक्षात ठेवते. घडीचं टेबल आणते आजच.

अंजिरी

मग घरीच करा. बाबांची खुर्ची क्रेनपासून लांब ठेवा.

जुना_फिटर

आता सकट की एकटं, त्यावर माझं सांगतो. ओव्हरड्राइव्ह साहेबांशी मी सहमत नाही.

सकट काढायचं तर किती गोष्टी सोडायच्या ते मोजा. मागची प्रॉपेलर शाफ्ट, खालचं क्रॉसमेंबर, आतला कन्सोल आणि गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, ओव्हरड्राइव्हच्या वायरी, गिअरबॉक्सचं तेल. हे सगळं गाडीखाली झोपून. मग ओव्हरड्राइव्हची शेपटी एवढी लांब की अख्खं जनावर नाक वर, शेपूट खाली असं उभं केल्याशिवाय तोंडातनं निघत नाही. त्यासाठी क्रेनचा हात लांब काढावा लागतो. आणि क्रेनचा हात जितका लांब काढाल तितकं वजन ती कमी पेलते, हे तिच्या हातावरच लिहिलेलं असतं. घरच्या गॅरेजचं छतही बघा.

गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. न दुखणाऱ्या दाताला हात कशाला लावायचा? एकटं काढा. गिअरबॉक्सखाली जॅक लावून फळीवर टेकवा. बसवताना चार तास लागतात म्हणता, ते दोन गोष्टी केल्या तर लागत नाहीत.

एक: क्लच प्लेट नेमकी मध्यभागी बांधा. बाजारात मध्य काढायची दांडी मिळते. आम्ही जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्टच कापून ठेवला होता, त्यासारखं हत्यार नाही. दोन: दोन लांब बोल्ट घ्या, डोकी कापा, टोकं घासून गोल करा, आणि बेलहाउसिंगच्या दोन बाजूंच्या भोकांत घाला. इंजिन त्यावरनं रुळावरच्या डब्यासारखं मागं जातं. गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवा आणि पुढनं पुलीला पाना लावून क्रँक जरा जरा फिरवा. दाते जुळले की हाताला कळतं.

इंजिनाचं वजन त्या शाफ्टवर लोंबत ठेवून चहाला जायचं नाही. क्लच प्लेटचं मधलं बूड वाकतं आणि मग नवा क्लच पहिल्या दिवसापासनं थरथरतो.

ओव्हरड्राइव्ह

काका, डोकी कापलेल्या बोल्टांची युक्ती मला पंधरा वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवी होती. तरी मी माझ्या मतावर आहे, निदान मदतीला दुसरा धडधाकट माणूस नसेल तर. पण त्यांचं गॅरेज १६ फुटी आहे हे माझ्या आधी लक्षात आलं नव्हतं. एमजीबी १३ फुटांच्या जरा खालीच असते. पुढे उरतात तीन फूट. तिथे क्रेन मावणारच नाही, सकट काढायचं तर नाहीच नाही.

ताई, गाडीचं तोंड दाराकडे करून ठेवा आणि क्रेन बाहेर उभी करा. अंगणात खडी असेल तर जाड प्लायवूड अंथरा, क्रेनची चाकं खडीत रुततात. सगळ्यात महत्त्वाचं: इंजिन वर आलं की क्रेन ओढू नका. क्रेन जागेवर ठेवा आणि गाडी मागे ढकला. लोंबतं वजन घेऊन क्रेन खड्ड्यात अडकली की ती पुढे कलंडते.

कट्ट्यावरचा

वाद मिटला, तारीख लिहून ठेवा! माझ्याकडून एवढीच भर: इंजिन पुन्हा बसवल्यावर दोन नट नेहमी उरतात. ते कुठले हे विचारायचं नसतं.

जुना_फिटर

माझ्या हाताखालच्या पोरानं नट उरला म्हटलं की मी सगळं पुन्हा उघडायला लावायचो. एकदा रात्री साडेदहाला लावलं होतं. नट माउंटिंगचा निघाला.

नवखा_मेकॅनिक

सुटे नट-बोल्ट ठेवण्यासाठी काय वापरता? आम्हाला कॉलेजात ट्रे देतात, पण चार मुलं मिळून ते एकत्रच करून टाकतात.

पावशेर_पेट्रोल

श्रीखंडाचे रिकामे डबे. झाकणावर मार्करने लिहायचं: "स्टार्टर", "डावं माउंटिंग", "एक्झॉस्ट, पितळी ६". शिवाय जिथून काढला तिथेच परत हाताने दोन आटे चढवून ठेवता आला तर सगळ्यात उत्तम, डब्याचीही गरज नाही.

सॅनहोजेकर

+१. आणि प्रत्येक वायर सोडायच्या आधी मोबाइलवर फोटो, सोडल्यावर दुसरा. त्यात पान्याचं टोक दाखवत जा, नाहीतर महिनाभराने फोटो कशाचा तेच कळत नाही.

ओव्हरड्राइव्ह

एमजीबीत लोक हमखास विसरतात त्या गोष्टी लिहून ठेवतो, ताईंनी गॅरेजच्या भिंतीला लावावं.

अर्थची पट्टी. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये जाड विणलेली पट्टी असते, माउंटिंगजवळ लपलेली. ती राहिली की क्रेन वर पंप करता करता गाडीचं नाकच उचललं जातं. मी केलंय. बॅटऱ्या मागच्या सीटखाली असतात, सहा-सहा व्होल्टच्या दोन, त्यांची अर्थची बाजू सगळ्यात आधी सोडा.

क्लचचा खालचा सिलिंडर: दोन बोल्ट सोडून बाजूला तारेने बांधा. नळी उघडू नका, म्हणजे नंतर हवा काढायची कटकट नाही. पेडलला मात्र कुणी हात लावू देऊ नका, पिस्टन बाहेर येईल.

आणि तापमानाच्या काट्याची नळी. तुमच्या गाडीत ती केसासारखी बारीक तांब्याची असते. एक टोक डॅशबोर्डमधल्या घड्याळात, दुसऱ्या टोकाचा फुगा सिलिंडर हेडमध्ये. आत वायू बनणारं द्रव असतं, नळी पिळवटली की ते उडून जातं आणि घड्याळ मेलं. नट अडकला असेल तर नटाबरोबर नळीही फिरायला लागते. दोन दिवस आधीपासून गंज सोडवायचं तेल मारत राहा, आणि फिरवताना नळीकडे बघा, नटाकडे नको.

अंजिरी

रेडिएटरमधलं पाणी काढताना ताटात उघडं ठेवू नका. अँटिफ्रीझ गोडसर असतं, मांजरं-कुत्री पितात आणि मरतात. शेजारणीचा बोका आम्ही असाच गमावला.

तांबडी_जीटी

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंतीला यादी लावली आहे. एकटंच काढणार, तोंड दाराकडे. बाबा आले की सुरुवात.

*(सात आठवड्यांनंतर)*

तांबडी_जीटी

मंडळी, धागा वर काढतेय. इंजिन बाहेर आलं!

पहिला शनिवार-रविवार नुसता सोडण्यात गेला. बॉनेट, रेडिएटर आणि त्याचा पत्रा, ऑइल कूलरच्या नळ्या, कार्ब्युरेटर, एक्झॉस्टचे सहा पितळी नट, स्टार्टर. स्टार्टरचा वरचा बोल्ट दिसतच नाही, हाताने चाचपडत काढावा लागला. बाबा खुर्चीवर बसून डब्यांवर नावं लिहीत होते. त्यांचं अक्षर अजून सुंदर आहे.

तापमानाच्या नळीने दमवलं. तेल तीन दिवस मारलं होतं तरी नट हलला की नळी हलायची. चाळीस मिनिटं मी एक अष्टमांश वळसा पुढे, एक अष्टमांश मागे एवढंच करत होते. बाबा मोबाइलचा उजेड धरून "नळी फिरली", "आता नाही फिरली" सांगत होते. शेवटी कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि नट एकटा फिरला. घड्याळ वाचलं.

दुसऱ्या शनिवारी क्रेन आली. शेजारचे दोघे मदतीला. इंजिन वर येताना एका जागी अडलं. मी पंप थांबवला, सगळ्यांना हात काढायला सांगितले आणि यादी पुन्हा वाचली. अर्थची पट्टी सोडलेली होती. मग अडलं कशात? तेलाच्या दाबाच्या घड्याळाकडे जाणारी नळी मी सोडलीच नव्हती. यादीत तापमानाची होती, तेलाची नव्हती! एक नट, साडेचार सूत, आणि मोकळं. गाडी मागे ढकलली तेव्हा इंजिन अंगणात उन्हात लोंबत होतं. सकाळचे ११ वाजून २० मिनिटं.

आता काका, तुमच्यासाठी. टॅपेटचं पुढचं झाकण उजेडाकडे धरलं. काहीच दिसलं नाही. जाळी जाळी राहिलीच नव्हती, आत काळ्या चिकट गाळाचा गोळा झाला होता. नळीत फुंकर मारून बघितली, गाल दुखले, हवा पार जाईना. मागचं सील मात्र तुकतुकीत होतं, कुठेही फाटलेलं नाही. म्हणजे गेल्या वेळी खरंच नवं घातलं होतं. जाळी कुणी बघितली नव्हती.

बाबा म्हणाले, सील बिचारं काय करणार.

जुना_फिटर

ताई, डोळ्यांत पाणी आलं बघा. बाबांना सांगा, आमच्यातले आहेत ते.

आता जाळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, ब्रशनं धुवा, वाळवा. तरी मोकळी झाली नाही तर झाकणच नवं आणा. सील नवंच घाला, काढलेलं पुन्हा बसवू नये. ओठाला तेल लावून बसवा, कोरडं बसवलं तर पहिल्या फेरीतच जळतं. क्रँकच्या शेपटीतलं छोटं पितळी बुश बदला आणि बसवायच्या आधी तेलात बुडवून ठेवा. क्लचचं रिलीज बेअरिंग तुमच्यात कार्बनचं असतं, ते बघितलं का?

तांबडी_जीटी

बघितलं. कार्बन एका बाजूला धातूच्या वाटीपर्यंत झिजलंय. अजून महिनाभर चालवली असती तर वाटीच घासायला लागली असती. प्रेशर प्लेट तेलाने माखलेली. सगळं नवं मागवलंय.

ओव्हरड्राइव्ह

तेलाच्या दाबाची नळी माझ्या यादीत राहिली, चूक माझी. वर दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे लिहितो: दोन्ही घड्याळांच्या नळ्या.

सुरू करायच्या आधी एक. या इंजिनाचा तेलाचा पंप कोरडा पडला तर कधी कधी तेल ओढतच नाही. चारही प्लग काढा आणि स्टार्टरवर फिरवा, दाबाचा काटा हलेपर्यंत. प्लग लावून थेट सुरू करू नका.

नवखा_मेकॅनिक

हा धागा आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सरांनी ब्रीदरवर तासभर शिकवलं. काका, तुम्ही कोल्हापुरात कुठे असता? भेटायला येऊ का?

जुना_फिटर

व्यक्तिगत निरोप टाक बाळा. पाने घेऊन ये, नुसता मोबाइल नको.

तांबडी_जीटी

शेवटचा निरोप, मग तुमचा वेळ घेत नाही.

परवा बसवलं. डोकी कापलेले बोल्ट, चौथा गिअर, पुलीवर पाना. बाबा म्हणाले, पाना मला दे. ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि पुली फिरवत राहिले, मी पुढून इंजिनाला ढोपराने रेटत होते. पंचवीस मिनिटं काहीच नाही. मग इंजिन आपणहून बोटभर मागे सरकलं आणि बेलहाउसिंगला टेकलं. बाबांनी मागे न बघता सांगितलं, "बसलं." हाताला कळतं म्हणता ते हेच.

प्लग काढून फिरवलं. वीस-बावीस सेकंद काटा मेल्यासारखा, मग उठला. प्लग लावले, दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. गरम झाल्यावर दाब ६०च्या जवळ. तेल भरायच्या तोंडावर हात धरला, या वेळी तळवा हलकासा आत ओढला गेला.

बाबांना घेऊन ॲबिंग्डनपर्यंत जाऊन आले. चढावर चौथ्यात पाय दाबला आणि गाडी निघाली. बाबा गिअरच्या दांड्याकडे बघत होते, रस्त्याकडे नाही.

आज तिसरी सकाळ. पुठ्ठा कोरडा आहे. डब्यात एकही नट उरलेला नाही, काका, दोनदा मोजले.